गोदाकाकूंच्या किड्याचे डोळे

घ्या, चहा निवायच्या आत घ्या. आज वाघाची गोष्ट नाही. पूर्णेच्या डोहातल्या मगरीचीही नाही. त्या मगरीची लांबी दर खेपेला वाढते, असं तुमच्यातलेच काही जण माझ्या माघारी म्हणतात, ठाऊक आहे मला. वाढणारच की! जिवंत मगर होती ती, दगडाची का होती? पण आज जी फजिती सांगतोय तिची लांबी जेवढी होती तेवढीच सांगणार. बोटाएवढी. केसभर वाढवली तर जीभ झडो माझी.

फजिती एका किड्याची. तुम्ही म्हणाल, आपल्याकडं किड्यांची काय वाण आहे? ज्वारीत आहे, कापसाच्या बोंडात आहे, वांग्यात तर बियांपेक्षा जास्त आहे. अहो, तसला नव्हे! हा समुद्राच्या तळचा. समुद्र तरी कुठला? पृथ्वीच्या पार खालच्या टोकाचा, जिथं पाण्यावर बर्फाचे डोंगर तरंगत असतात. आणि हा पठ्ठ्या आला कुठं? तर आपल्या चुडाव्याला! ज्या गावानं समुद्र सोडा, वैशाखात तुडुंब भरलेली विहीर पाहिलेली नाही, त्या गावाला.

बघा, हसायला लागलात. सुरू झाला मास्तर! अहो, हीच तर माझी रड आहे. जन्मभर थापा मारल्या आणि लोकांनी माना डोलावल्या. ही एक गोष्ट अस्सल खरी, तर हिच्यावर कुत्रं विश्वास ठेवत नाही.

निझामाचं राज्य होतं. मोठी लढाई सुरू व्हायला थोडा अवकाश होता. मी चुडाव्याच्या शाळेत मास्तर. हिशेब शिकवायचो, मराठी शिकवायचो, सरकारला हवी तेवढी उर्दू शिकवायचो, आणि उरलेल्या वेळात चित्रं. चित्रकला मला कुणी शिकवली नाही, ती घरातच होती. आमचं घराणं मुखवटे रंगवणारं. भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या आधी आसपासच्या गावांतून मुखवटे आमच्या ओसरीवर येऊन पडायचे. हळद लावल्यासारखा पिवळा रंग, लाल ओठ, कपाळाला कुंकू. पोरवयापासून हात त्यातच बसलेला.

आणि वामन माझा दोस्त. शाळेत एका तरटावर बसायचो. मी त्याच्या पाटीवरून गणितं उतरवायचो, तो माझ्या पाटीवरून मोर. गणितं बरोबर यायची. त्याच्या मोराची मात्र कायम कोंबडी व्हायची. पुढं तो हैदराबादला शिकला, सरकारचा वजिफा मिळवून विलायतेला गेला, आणि तिथं एका म्हाताऱ्या प्रोफेसराच्या हाताखाली समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास केला. गावात कुणाचा विश्वास बसेना. एवढ्या लांब, एवढं शिकून, किडे?

लोक विलायतेहून घड्याळं आणतात, कोट आणतात. वामननं दोन गोष्टी आणल्या. एक बारीक वस्तू मोठी दाखवणारं पितळी यंत्र, आणि छातीतला खोकला. हैदराबादला जेमतेम वर्षभर शिकवलं त्यानं. मग डॉक्टरांनी सांगितलं, गावी जा, दूध प्या, मोकळ्या हवेत झोपा. असं डॉक्टर कधी सांगतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

घरात तो आणि त्याची आई. गोदाकाकू. वामन दोन वर्षांचा असताना गावात देवीची साथ आली. पोराच्या अंगावर फोड उठले, काकूंनी त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही. पोरगं वाचलं. काकूंचे डोळे गेले. तेव्हापासून त्या चूल, दळण, तुळशीचं पाणी, सगळं चाचपून करायच्या, आणि आम्हा डोळसांपेक्षा नीट करायच्या. वामन मोठा झाल्यावर कसा दिसतो हे त्यांना हातानंच ठाऊक.

तर एक दिवस वामननं मला बोलावणं पाठवलं. गेलो. खाटेशेजारी टेबल, टेबलावर यंत्र, आणि शेजारी काचेची बाटली. बाटलीत स्पिरिट, स्पिरिटात हा आपला पाहुणा. पांढुरका, बोटाएवढा, दोन्ही बाजूंनी केसांच्या झुपक्यांची रांग.

"सख्या, हे बघ," वामन म्हणाला. त्याचा आवाज असा, जसा काही कुबेराचा हंडा सापडलाय. "हे आजवर दुनियेत कुणीच वळखलेलं न्हाई."

"मी तर लय वेळा पाह्यलंय," मी म्हणालो. "काल माझ्या वांग्यात व्हतं."

"गप रे! इंग्रजांचं जहाज गेलं व्हतं दक्षिणेच्या बर्फात. समुद्राच्या तळाला जाळं सोडून गाळ वर काढला, त्यात हे घावलं. प्रोफेसरांनी मला धाडलंय. म्हणले, वामन, मला ह्ये नवं वाटतंय, तू बघ. मी महिनाभर बघायलोय. नवंच हाय! ह्याच्या घराण्यातलं दुसरं एक हाय, उथळ पाण्यातलं. तंतोतंत ह्याच्यासारखं. पण त्याला डोळे हायत, आन् ह्याला न्हाईत. एवढ्या खोल पाण्यात उजेडच न्हाई, मग डोळे कशाला?"

मग त्यानं मला त्याच्या कामाची रीत सांगितली. नवा जीव सापडला की त्याचं वर्णन लिहायचं. अंगाला वळी किती, केस कसे, जबडा कसा, एकूण एक. सोबत हुबेहूब चित्र. ते विलायतेला छापून आलं की तो जीव जगाच्या दप्तरी दाखल. आणि ज्यानं वर्णन लिहिलं त्यानं नाव ठेवायचं. नावाचा पहिला भाग घराण्याचा, तो ठरलेला. दुसरा भाग आपल्या मर्जीचा.

"मी आईचं नाव देणार," वामन म्हणाला. "लॅटिनच्या वळणानं, गोदाए. छापून आलं की मग कुणी पुसू शकत न्हाई, सख्या. मी ऱ्हायलो न्हाई, आई ऱ्हायली न्हाई, तरी नाव ऱ्हायचं. माझा हात थरथरतोय. चित्र तू काढ. एवढं एक छापून आलं म्हंजे मी मोकळा."

मोकळा म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पेन्सिल हातात घेतली.

आता माझ्यासारख्या माणसाकडून हुबेहूब काम करून घेणं म्हणजे काय, कल्पना करा! मी यंत्रात डोकवायचो, कागदावर काढायचो, आणि वामन खाटेवरून मान उंच करून बघायचा.

"हे केस एवढे कुरळे कुठून आले?"

"जरा नक्षी केली."

"खोड नक्षी. आन् इकडं दोन जास्त काढलास."

"जास्त कुठं? पलीकडचे दिसायलेत वाऱ्यानं."

"स्पिरिटात वारा?" हसता हसता त्याला खोकला यायचा, खोकला थांबेपर्यंत काकू पाठीवर हात फिरवायच्या, आणि मी गुपचूप दोन केस खोडायचो. "सख्या, दिसतंय तेवढंच. एक टिंब बी तुझ्या पदरचं नको."

दिसतंय तेवढंच! अहो, जन्मात मला असली शिक्षा कुणी दिली नव्हती. पण दिवसभर हाताला लगाम घातला की संध्याकाळी जीभ उधळायची. शाळा सुटली की मी स्टेशनवर जायचो. गाडी यायच्या आधी तिथं चहावर चार माणसं जमायची. त्यांना मी किड्याच्या गोष्टी सांगायचो. एक दिवस बोलता बोलता म्हणून गेलो, "अरे, ह्यो साधा किडा न्हाई. जगातल्या समद्या नारवांचा ह्यो राजा हाय!"

तुम्ही तरुण, तुम्ही नारू फार पाहिला नसेल. त्या काळी घरोघर होता. बारवेत पाय बुडवून पाणी भरायचं, तेच प्यायचं, आणि वर्षभरानं पायाला फोड येऊन त्यातून दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय गेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनच्या दारात ही रांग! लंगडत, काठी टेकत, पोरांच्या खांद्यावर हात टाकून. एक म्हातारा तर थेट झरीहून बैलगाडीत आला होता. तो आत आला, बाटलीपुढं हात जोडले आणि वामनला म्हणाला, "सायब, ह्या राजाला जरा माझ्या वतीनं सांगा. तुझा एक शिपाई माझ्या पायात दडून बसलाय म्हणावं. त्याला माघारी बोलीव."

वामननं माझ्याकडं जे पाहिलं! मी भिंतीवरची पाल मोजत होतो. पण म्हाताऱ्याला हाकलायचं त्याच्या जिवावर आलं. धापा टाकत त्यानं प्रत्येकाला सांगितलं, "बाबांनो, ह्ये वेगळं हाय, ह्याचं-त्याचं काय नातं न्हाई. पर पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या, आन् फोड आलेला पाय बारवेत बुडवू नका." सगळे मान हलवत गेले. म्हातारा जाता जाता बाटलीला पुन्हा नमस्कार करून गेला.

संध्याकाळी वामनला ताप चढला. "सख्या," तो म्हणाला, "तुझ्या जिभेनं एक दिवस माझा जीव जाईल." गमतीत म्हणाला हो. गमतीतच.

पण किड्याची कीर्ती झाली ती झाली. बाया गोदाकाकूंना पाणवठ्यावर विचारायला लागल्या, "काकू, तुमच्या नावाचा किडा हाय म्हणं? कसा हाय वो दिसायला?" आणि मग एका दुपारी काकूंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवून घेतलं. त्या वाती वळत होत्या.

"सख्या, कसं हाय रे ते माझ्या नावाचं?"

"लय देखणं, काकू. दोन्ही अंगाला केस, रेशमागत. उजेडात धरलं की मोरपिसाचा रंग मारतंय."

हे खरं होतं बरं! केसांवर खरंच तसा रंग खेळायचा.

"आन् अंग?"

"मोत्यागत."

हेही मोती जरासा जुना धरला तर खरंच.

"आन् डोळे?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? समोर आंधळी बाई. हातात वात. चेहरा माझ्याकडं, पण माझ्या खांद्यावरून पलीकडं लागलेला. तिच्या लेकानं तिचं नाव ज्याला द्यायचं ठरवलंय त्याला डोळेच नाहीत, हे तिला सांगू? मी?

"डोळे?" मी म्हणालो. "टपोरे, काकू. हरणीगत. काळेभोर."

काकूंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "आसं का?" म्हणाल्या, आणि वात वळत राहिल्या.

झालं! दुसऱ्या दिवशी परत, "सख्या, ते डोळ्याचं सांग की." मग पापण्या आल्या. तिसऱ्या दिवशी काजळ आलं. आठवड्यानं मी सांगितलं, तो रात्री समुद्राच्या तळाला डोळे उघडतो तेव्हा मासे आपापली घरं शोधत जातात. काकू पाणवठ्यावर जाऊन सगळं जसंच्या तसं सांगायच्या. बाया म्हणायच्या, "काकू, मग तुमचंच नाव शोभतंय बगा!" वामन खाटेवर झोपलेला असायचा, नाहीतर लिहीत. त्याच्या कानावर काही जायचं नाही, अशी माझी समजूत.

चित्र पुरं झालं. पेन्सिलीवर शाई फिरवली, बारीक टिंबं देऊन गोलाई आणली. खाली सुबक अक्षरांत नाव. वामननं ते उजेडात धरून टिंब न् टिंब तपासलं. मग म्हणाला, "सख्या, तू एक बी खोटी रेघ मारली न्हाईस." असं प्रशस्तिपत्रक मला आयुष्यात तेवढंच मिळालं. त्यानं लिखाणाची पुडकी माझ्याकडं दिली, कारण चित्र न चुरगळता पाठवायला माझ्याकडं पत्र्याची नळी होती. दुपारच्या गाडीनं टपाल जायचं होतं.

मी घरी आलो. नळी पुसली. आणि शेवटचं एकदा बघावं म्हणून चित्र ओसरीवर उलगडलं.

आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. मुखवटा कितीही रंगवा, डोळे सगळ्यात शेवटी. अंघोळ करून, देवाला नमस्कार करून डोळे लिहायचे. आणि डोळे लिहिल्याबिगर मुखवटा उंबऱ्याबाहेर द्यायचा नाही. बिनडोळ्यांचा बाहेर गेला तर ज्या घरी जाईल तिथं अंधार, असं माझे वडील म्हणायचे. मी लहान असताना कुणा गिऱ्हाइकानं घाई केली, तर वडील म्हणाले, "पायजे तर तुमच्या शेजारणीचा मुखवटा मागून न्या. ही बाई आंधळी माझ्या दारातून जायची न्हाई."

त्याच ओसरीवर, त्याच जागी मी बसलो होतो. पुढ्यात गुळगुळीत, कोरं तोंड. खाली गोदाकाकूंचं नाव. बाजूला दौत आणि बारीक कुंचला, अजून ओला. माझा हात गेला. मी नेला असं म्हणवत नाही, पण हात माझाच होता. मोहरीएवढे दोन ठिपके. आणि एवढं कमी पडलं म्हणून की काय, डोळ्यांना तेज यावं म्हणून प्रत्येकात एक पांढरा कण सोडला!

काय सांगू, त्या किड्यानं माझ्याकडं पाहिलं. इतका गोड दिसत होता! मी नळीत घातला, लाखेनं तोंड बंद केलं, आणि गाडीला नेऊन दिला. वाटेत शीळ घालत होतो.

विलायतेहून उत्तर यायला काही महिने लागले. तोवर वामन खाटेला पुरता खिळला होता. मी गेलो तेव्हा कागद त्याच्या छातीवर होता. काकू दाराशी, नेहमीसारख्या वाती वळत.

"प्रोफेसर म्हणतात, चित्र लय सुंदर हाय," वामन माझ्यापुरत्या हळू आवाजात म्हणाला. "पण, वामन, तुझं लिखाण म्हणतंय डोळे न्हाईत, आन् चित्रात डोळे हायत. दोन्हीतलं एकच खरं असणार. डोळे असतील तर ह्यो नवा न्हाई, उथळ पाण्यातला तोच जुना. पुन्हा बघ आन् कळीव." तो थांबला, श्वास घेतला. "सख्या, मी तपासलं तवा चित्रात डोळे नव्हते. तुला मागनं दिसले का रं?"

मी टेबलावरची बाटली उगाच पुसायला लागलो.

"यंत्र लाव," तो म्हणाला. "मला आता वाकवत न्हाई. तू बघ आन् मला सांग. हे थापेचं काम न्हाई, सख्या."

मी बाटली उघडली, किडा काचेवर घेतला, यंत्राला डोळा लावला. पांढरं तोंड. गुळगुळीत. वाटीच्या बुडासारखं कोरं. सांगायचं एवढंच होतं: न्हाईत. एक शब्द! किडा नवा ठरला असता, नाव छापून आलं असतं, वामन मोकळा झाला असता.

तेवढ्यात दाराशी वात वळता वळता काकू म्हणाल्या, "सांग की रं सख्या. कसे हायत डोळे?"

मी यंत्रावरून मान वर केली. एकीकडं वामनची नजर, तापानं लाल झालेली, माझ्यावर रोखलेली. दुसरीकडं काकूंचा चेहरा, हसरा, माझ्या खांद्याच्या पलीकडं लागलेला. आणि अहो, मी कुणाकडं बघून उत्तर दिलं असेल? जिला दिसत नव्हतं तिच्याकडं बघून!

"हायत," मी म्हणालो. "दोन हायत. बारीक, पर हायत."

वामननं डोळे मिटून घेतले. खोलीत नुसता काकूंच्या बोटांखाली कापूस फिरल्याचा आवाज.

"मग माझीच नजर चुकली," तो पुटपुटला. "तापातच पाह्यलं असंल मी."

त्यानं उशीला टेकून स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं. डोळे आहेत, जीव जुनाच आहे, माझं लिखाण रद्द समजावं, बाटली परत पाठवतो आहे. अक्षरं ओळीखाली घसरत होती. टपालात टाकायला माझ्याकडंच दिलं. आता तुम्ही म्हणाल, फाडायचं होतं! नाल्यात टाकायचं होतं! अहो, हरघडी सांगितल्याच्या उलट करणारा माणूस मी, त्या दिवशी नेमकं सांगितलं तसं केलं. गाडी आली, टपाल दिलं, बाटली दिली, गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी काकू देवळात असताना सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो. वामन शांत पडला होता. मला बघून म्हणाला, "बरं झालं, सख्या. खोटं छापून आलं असतं, तर मेल्यावर बी लाज वाटली असती मला. तू वाचीवलंस."

आता बोला! पुढं कुठल्या तोंडानं बोलणार? उद्या सांगू म्हटलं. उद्या त्याच्या तोंडातून रक्त आलं, बोलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. परवा सांगू म्हटलं. मृगाच्या आधीच वामन गेला.

तिरडीला खांदा दिला, राख सावडली, आणि मग बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रोफेसरांना लिहिलं: डोळे मी काढले, किड्याला नाहीत, वामनचं खरं होतं. उत्तर आलं नाही. तोवर लढाई पेटली होती, जहाजंच बुडत होती, माझं पत्र कुठल्या समुद्राच्या तळाला गेलं कुणास ठाऊक. किडा विलायतेत कुठल्यातरी कपाटात असेल, त्या उथळ पाण्यातल्या जुन्याच्या नावानं. जगाच्या दप्तरात गोदाए नाही. मी चौकशी केली आहे, पुष्कळ ठिकाणी.

राहिल्या काकू. त्यांच्याकडं जायला माझे पाय उचलेनात. दिवाळी झाली तेव्हा एकदाचा गेलो. त्या दाराशीच बसल्या होत्या. पावलावरून ओळखलं.

"ये, सख्या. लय दिसांनी."

मी बसलो आणि सगळं ओकलो. नळी, ओसरी, कुंचला, ठिपके, त्या दिवशीचं यंत्र. रडलो. माझ्यासारखा माणूस रडला तर लोकांना तीही थापच वाटते, पण काकूंना डोळे नव्हते, त्यांना आवाज कळायचा.

मग म्हणाल्या, "त्याला डोळे न्हाईत, हे मला ठाव व्हतं की रं."

"काय?"

"वामननं पैल्याच दिशी सांगितलं. म्हणला, आई, ते बी तुझ्यागत अंधारातच ऱ्हातंय, चाचपडून समदं नीट करतंय, म्हणून तुझंच नाव देतो."

"मग रोज मला डोळ्यांचं का इचारत व्हता, काकू?"

"तू लय गोड सांगायचास. पापण्या, काजळ, घर शोधणारे मासे... वामन बी खाटेवर पडून ऐकायचा. त्याला झोप लागली आसं तुला वाटायचं. मला म्हणायचा, आई, सख्याला थांबवू नको, आज काय जोडतोय बघू."

"आन् त्या दिशी? मी 'हायत' म्हणलो तवा?"

"मला वाटलं, माझ्यासाठीच बोलायलास. वामननं तुला टोकलं न्हाई, म्हणून मी बी काय म्हणले न्हाई. त्या विलायतेच्या कागदात काय हाय, ते मला कोण सांगणार? आन् चित्रात तू डोळे काढलेस, हे मला कुठं दिसणार?"

मी मान खाली घालून बसलो. काकूंनी हात पुढं करून माझं डोकं शोधलं, कपाळावरून बोटं खाली आणली, माझे ओले डोळे पुसले, आणि एक सुस्कारा टाकला.

"तोंडानं हवी तेवढी थाप मार, बाबा," त्या म्हणाल्या. "पण शाईनं मारतंय का रं कुणी?"